फासे आपल्या हातात का देतात?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी अमेरिकेतल्या नातवाचा व्हिडिओ कॉल आला. तो लॉस एंजेलिसजवळ राहतो, संगणकाच्या कंपनीत आहे. एरवी "आबाजी, जेवलात का, गुडघा कसा आहे" एवढ्यावर आमचे बोलणे संपते. त्या दिवशी मात्र स्वारी भलतीच खुशीत होती. जेवणाच्या टेबलावर त्याने जाड हिरवे कापड अंथरले होते. टेबलाच्या टोकाला एक फळी उभी केली होती आणि त्या फळीला रबराचे टोकदार उंचवटे असलेली पट्टी चिकटवली होती. हातात दोन लाल पारदर्शक फासे.

"आबाजी, बघा हं," असे म्हणून त्याने दोन्ही फासे एकमेकांना चिकटवून बोटांच्या चिमटीत धरले. वरच्या बाजूला दोन्हीकडे तीन, आणि त्या तीन-तीन ठिपक्यांच्या तिरक्या रेघा मिळून इंग्रजी व्ही हे अक्षर होत होते. मग त्याने मनगट न वळवता, लहान मुलाला झेल द्यावा तसे ते हळूच उडवले. फासे जोडीने गिरक्या घेत गेले, फळीला टेकले आणि खाली पडले. पाच आणि तीन. त्याचा चेहरा फुलला.

ही विद्या तो गेले चार महिने रोज रात्री अर्धा तास शिकतो आहे. लास वेगास त्याच्या घरापासून गाडीने चार-पाच तासांवर. तिथे क्रॅप्स नावाचा फाशांचा जुगार असतो. फासे नुसते भिरकावायचे नाहीत, ठरावीक पद्धतीने धरून ठरावीक पद्धतीने टाकायचे, म्हणजे नको ते दान कमी वेळा पडते, असे शिकवणारी पुस्तके आणि पैसे घेऊन चालणारे वर्ग तिकडे आहेत म्हणे.

मी काहीच बोललो नाही. "छान" म्हणालो. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ तसाच बसून राहिलो. कारण असा रात्री फासे टाकत बसलेला माणूस मी पूर्वी एकदा पाहिला होता.

तो माझा थोरला भाऊ. आम्ही त्याला दादा म्हणायचो. गोष्ट १९६३ सालची. मी बारा वर्षांचा, दादा बावीसचा. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. आमच्या गावी मारुतीच्या पारावर दुपारी सारीपाट रंगे. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. सारीपाटाचे फासे चौकोनी ठोकळे नसतात, बोटाएवढे लांबट असतात. त्यांना चारच बाजू धरायच्या. आमच्या घरच्या फाशांवर एक, दोन, पाच आणि सहा अशा खुणा होत्या. तीन फासे एकदम टाकायचे. दोन सहा आणि एक एक पडला, म्हणजे बारा आणि एक, की तो 'पोबारा'.

दादा घरी रात्री कंदिलाच्या उजेडात घोंगडी अंथरून फासे टाकत बसे. तळहातावर ते विशिष्ट तऱ्हेने लावून, हात जमिनीजवळ नेऊन, घोंगडीवर घसरवल्यासारखे सोडायचे. माय कुरकुर करी. दादा मला म्हणायचा, "अबे, फासा काय नशिबानं पडते काय? हाताले सवय लागली का तो आपलं आयकते."

आणि खोटे कशाला बोलू, फासे त्याचे ऐकत. तीन लांबट फाशांची एकूण चौसष्ट दाने होतात, त्यांतली तीनच पोबाऱ्याची. म्हणजे साधारण एकवीस वेळा टाकल्यावर एकदा पोबारा यावा. दादा पाच-सहा वेळांत एकदा आणायचा. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. लांबट फासा आडवा घसरत गेला की तो टोकावर उलटत नाही, बाजूवरच लोळतो. कापड मऊ असेल, हात सरावाचा असेल आणि फासे कसे टाकावेत याचा नियम नसेल, तर हाताला यश येते. तेव्हा फासे टाकण्याची कला असे काही नसतेच, असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही.

घात पुढे झाला. त्या वर्षी कापूस बरा पिकला होता. आमच्या भागातल्या एका जत्रेत झेंडीमुंडीचा डाव बसला होता. विदर्भातल्या जुन्या वाचकांना हा खेळ सांगायला नको. एका कापडावर सहा खाने: बदाम, इस्पिक, चौकट, किलवर, झेंडी आणि मुंडी. सहा फासे, प्रत्येकावर हीच सहा चित्रे. आपण एका चित्रावर पैसे लावायचे. फासे डब्यात खळखळवून पालथे घालायचे. आपले चित्र एकाही फाशावर आले नाही किंवा एकाच फाशावर आले, तर पैसे गेले. दोन फाशांवर आले तर दुप्पट, तिनांवर आले तर तिप्पट, असे मिळायचे. शिवाय लावलेला पैसा परत.

आणि त्या डाववाल्याची एक रीत होती. डबा ज्याला हलवायचा त्याला तो हलवू देई. "घ्या मालक, तुमच्याच हातानं हलवा. मंग माह्यावर नाव ठेवू नोका." दादाच्या हातात डबा आला. पारावर ज्याच्या हाताचे फासे ऐकत होते, तो दादा!

पहिल्या दिवशी तो जिंकला. तिसऱ्या दिवसापर्यंत कापसाचे पैसे गेले. पुढच्या वर्षी सावकाराकडून उचल झाली, दुसऱ्या जत्रा झाल्या. दर वेळी घरी आल्यावर तो म्हणे, "आज हात बसला नाही. हात थकला व्हता." बाबांनी शेवटी नाल्याकाठचे चार एकर काळे वावर विकून कर्ज फेडले. नंतर कित्येक वर्षे दादा त्याच वावरात दुसऱ्याच्या मजुरीने कापूस वेचायला जात होता. वाशीम जिल्हा झाला त्या वर्षी, १९९८ साली, तो गेला. शेवटपर्यंत त्याचे म्हणणे एकच होते, की त्याची विद्या खरी होती.

विद्या खरीच होती. जागा चुकीची होती. घोंगडीवरच्या लांबट फाशांची विद्या डब्यातल्या सहा ठोकळ्यांना लागू पडत नाही. आणि डब्यातल्या खेळाला हाताची विद्या लागतच नव्हती. तिथे लागत होती मोजण्याची विद्या. ती दादाजवळ नव्हती, बाबांजवळ नव्हती, आणि शिकून मास्तर झालेल्या माझ्याजवळही पुष्कळ वर्षे नव्हती.

मी मराठीचा बी.ए. गणित हा काही माझा विषय नव्हे. पण खेड्यातल्या शाळेत जो तास रिकामा तो आपला, या न्यायाने पाचवी-सहावीचे गणित मी वर्षानुवर्षे शिकवले. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी झेंडीमुंडीचा हिशेब मांडायला बसलो. सहा फासे, प्रत्येकाच्या सहा बाजू. एकूण दाने ४६,६५६. त्यांत आपले चित्र एकदाही न येण्याची १५,६२५ आणि एकदाच येण्याची १८,७५०. म्हणजे ३४,३७५ दानांत आपला रुपया जातो. दोन फाशांवर येण्याची ९,३७५, तिनांवर २,५००, चारांवर ३७५, पाचांवर ३० आणि सहाही फाशांवर एक. प्रत्येक दानाला एक रुपया लावला असे धरून वरच्या रीतीने मिळकत जोडली, तर ती होते २७,९०६ रुपये. गेलेले ३४,३७५. तोटा ६,४६९.

म्हणजे शंभर रुपये लावले की सरासरी चौदा रुपये, थोडे कमीच, डाववाल्याचे. डबा त्याने हलवला काय, दादाने हलवला काय, की जत्रेतल्या देवाने हलवला काय! तो उदार होता म्हणून डबा दादाच्या हातात देत नव्हता. हाताने काही फरक पडत नाही हे त्याला ठाऊक होते म्हणून देत होता. उलट डबा आपल्या हातात असला की हरणारा माणूस डावाला नाव ठेवत नाही, स्वतःच्या हाताला ठेवतो. आणि हात सुधारायला उद्या पुन्हा येतो.

हा हिशेब करायला मला दोन दुपारी लागल्या. दादा तेव्हा हयात होता. मी त्याला वही दाखवली नाही. का दाखवली नाही, याचे उत्तर माझ्याजवळ नाही.

आता नातवाच्या खेळाकडे येतो. क्रॅप्समध्ये दोन साधे फासे. पहिल्या दानाला सात किंवा अकरा आले तर जिंकलो. दोन, तीन किंवा बारा आले तर हरलो. दुसरा कुठला आकडा आला तर तो आपला आकडा ठरतो. मग तो पुन्हा येईपर्यंत फासे टाकत राहायचे. आधी तो आला तर जिंकलो, आधी सात आला तर गेलो. दोन फाशांची छत्तीस दाने, त्यांतली सहा साताची. सगळा हिशेब मांडला तर ४९५ डावांत सरासरी २४४ जिंकतो आणि २५१ हरतो. सात डावांचा फरक! शंभर रुपयांमागे दीड रुपयाहूनही कमी. आमच्या जत्रेतल्या डाववाल्याच्या मानाने लास वेगासवाला म्हणजे संतच म्हणायचा. पण त्याच्याकडे जत्रा बारा महिने, चोवीस तास असते.

नातवाच्या चिमटीमागचा तर्कही मी समजून घेतला. फासे दोन्ही टोकांना न कलंडता चाकासारखे फिरत गेले, तर प्रत्येकाच्या डाव्या-उजव्या बाजू वर येणारच नाहीत. त्याच्या व्हीच्या मांडणीत एका फाशाच्या बाजूला एक आणि सहा असतात, दुसऱ्याच्या बाजूला दोन आणि पाच. मग उरतात चार गुणिले चार, सोळा दाने. त्यांत साताची फक्त दोन. छत्तिसात सहा म्हणजे सहात एक, सोळात दोन म्हणजे आठात एक. पोराने गणित चोख केले होते! खरोखरच फासे असे फिरले तर जुगाराच्या मालकाला दुकान बंद करावे लागेल.

पण मालकही गणित जाणतो. म्हणूनच टेबलाच्या टोकाच्या भिंतीला रबराचे टोकदार उंचवटे असतात आणि फासे त्या भिंतीला लागलेच पाहिजेत असा नियम असतो. फाशांच्या कडा धारदार असतात, त्यामुळे ते कुठेही अडून उसळतात. दादाच्या घोंगडीवर ना भिंत होती ना नियम.

नातवाने मला दोन दाखले दिले. पहिला, २००९ सालच्या मे महिन्यातला. अटलांटिक सिटीतल्या बोर्गाटा कॅसिनोत न्यू जर्सीच्या एका आजीबाईंनी सलग १५४ वेळा फासे टाकले, सात येऊन बाद न होता. चार तास अठरा मिनिटे! असे होण्याचा संभव दीड लाख कोटींत एक असल्याचे तेव्हा छापून आले होते. मी त्याला विचारले, "त्या बाई ही पद्धत शिकल्या होत्या का रे?" तो जरा थांबून म्हणाला, "नाही, त्या नवख्याच होत्या." मग हा दाखला कोणाच्या बाजूचा झाला?

दुसरा दाखला मात्र विचार करण्यासारखा आहे. जुगाराच्या गणितावर लिहिणारे स्टॅनफर्ड वाँग नावाचे एक लेखक आहेत. सराव केलेल्यांनी पाचशे वेळा फासे टाकायचे आणि सात कमी पडतात का ते पाहायचे, अशी त्यांची पैज होती. पाचशेत सरासरी ८३ सात यावेत. आले ७४. पैज जिंकली. नातू म्हणाला, "हा घ्या पुरावा." मी पुन्हा वही उघडली. अगदी अडाण्याने डोळे मिटून पाचशे वेळा फासे टाकले तरी ७४ किंवा त्याहून कमी सात येण्याचा संभव साधारण सातात एक आहे. सात जणांना बसवा, एकाला तसे दान पडेल, आणि तो उद्यापासून वर्ग काढेल. नाही का?

खुद्द फासेही तसे निर्दोष नसतात बरे. वेल्डन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९४ साली बारा फासे एकदम टाकण्याचा उद्योग २६,३०६ वेळा केला आणि नोंदी ठेवल्या. पाच आणि सहा अपेक्षेपेक्षा किंचित जास्त पडले. शंभरात सरासरी ३३.३ यावेत ते ३३.८ च्या आसपास आले. एवढा बारीक फरक दिसायला तीन लाखांवर फासे मोजावे लागले! आपण चार महिन्यांच्या सरावात, त्यातही आठवणीवर विसंबून, हात बसला की नाही हे ठरवतो. माणसाला जिंकलेली दाने आठवतात. हरलेल्यांना तो कारणे शोधतो.

तेव्हा मी नातवाला एक गृहपाठ दिला. हजार वेळा टाक. आधी ठरव की हजार, मध्ये थांबायचे नाही. प्रत्येक दान लिही. "हे सरावाचे होते, हे धरायचे नाही" असे म्हणायचे नाही. हजारात सात सरासरी १६७ यावेत. तुझा हात खरोखर बसला असेल आणि सहाऐवजी सात वेळांत एकदा सात पडत असेल, तर १४३ च्या आसपास येतील. मग मी कान धरीन.

गुणी पोरगा आहे. तीन आठवड्यांत हजार दानांचा तक्ता पाठवला. पहिल्या पाचशेत सात आले ७१. त्या रात्री त्याने मला झोपेतून उठवून सांगितले. दुसऱ्या पाचशेत आले ९१. एकूण १६२. म्हणजे न शिकलेल्या कुठल्याही माणसाला पडतील तेवढेच.

मी म्हटले, "आता काय म्हणतोस?"

तो म्हणाला, "आबाजी, पहिल्या पाचशेत हात मस्त बसला होता. नंतर ऑफिसचे काम वाढले, हात थकला होता."

माझ्या अंगावर काटा आला. ज्याने दादाला कधी पाहिले नाही, ज्याला वऱ्हाडी नीट बोलता येत नाही, त्याच्या तोंडून साठ वर्षांनी तेच वाक्य.

मंडळी, इथे मला आपल्याच विदर्भाची एक गोष्ट आठवते. नलराजाने द्यूतात राज्य घालवले, हे आपण सगळे जाणतो. पण ते त्याला परत कसे मिळाले, हे फार कमी जण सांगतात. राज्य गेल्यावर नल बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून दोघे रथातून कुंडिनपुराकडे निघाले. कुंडिनपूर म्हणजे आपले अमरावती जिल्ह्यातले वर्धेकाठचे कौंडण्यपूर, असे मानतात. वाटेत बेहड्याचे झाड लागले. ऋतुपर्णाने धावत्या रथातूनच त्याची पाने आणि फळे किती ते सांगितले. नलाने रथ थांबवला, झाड तोडून फळे मोजली. आकडा बरोबर निघाला. मग नलाने त्याला घोड्यांची विद्या दिली आणि त्याच्याकडून 'अक्षहृदय', म्हणजे फाशांचे मर्म, शिकून घेतले. त्याच क्षणी कली त्याच्या अंगातून निघाला आणि बेहड्यात शिरला.

बेहड्याचेच झाड का? कारण वेदकाळी बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरत. त्रिफळा चूर्णातला बेहडा तो हाच. तेव्हा महाभारतकाराला म्हणायचे आहे ते स्पष्ट दिसते. ऋतुपर्णाने नलाला फासे कसे धरावेत हे शिकवले नाही. मनगट कसे ठेवावे हेही नाही. ज्याने त्या झाडाची फळे बिनचूक मोजून दाखवली, त्यानेच फाशांचे मर्म दिले. फाशांचे मर्म मोजण्यात आहे, हातात नाही, असा मी या गोष्टीचा अर्थ घेतो. आणि ते कळल्यावर नलाने काय केले? पुष्कराशी एकच डाव खेळला, राज्य जिंकले, पुष्कराला क्षमा केली आणि उठला. पुढे हीच गोष्ट वनवासात बृहदश्व ऋषींनी युधिष्ठिराला सांगितली आणि त्यालाही अक्षहृदय दिले. तरी युधिष्ठिर पुन्हा कौरवांशी द्यूत खेळायला गेला नाही. ज्याला मर्म कळले तो पटावर कमी बसतो.

युरोपातही हेच झाले. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी एकमेकांना जी पत्रे लिहिली, त्यांतून संभाव्यतेचे गणित उभे राहिले. प्रश्न विचारणारा जुगाराचा शौकीन होता, उत्तर देणारे मोजणारे होते. आज विम्याचा हप्ता आणि औषधाची चाचणी त्याच गणितावर चालते.

आणि मी काय केले? चौतीस वर्षांच्या नोकरीत द्यूताचा प्रसंग किती वेळा शिकवला असेन! दर वेळी शेवट ठरलेला: "मुलांनो, जुगार वाईट." मुले मान डोलवायची. एकानेही विचारले नाही की गुरुजी, वाईट म्हणजे किती? शंभरात किती जातात? मीही सांगितले नाही. माझ्या हाताखालून गेलेला एक हुशार मुलगा, नाव सांगत नाही, मोबाइलवरच्या पैशांच्या खेळात वडिलांच्या निवृत्तीची पुंजी घालवून बसला. भेटला तेव्हा म्हणाला, "गुरुजी, मी नशिबावर नव्हतो खेळत, मला पद्धत सापडली होती." पुन्हा तेच.

कायदे होतात, झालेच पाहिजेत. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ साली राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करायचे ठरवले. त्याच १९७६ साली गोव्याने केलेल्या कायद्यात पुढे दुरुस्त्या झाल्या आणि मांडवीच्या पात्रात जुगाराची जहाजे उभी राहिली. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने बंदीचा कायदा केला, तेव्हा मला मनापासून बरे वाटले. पण बंदी दुकानावर घालता येते. "माझा हात वेगळा आहे" या समजुतीवर घालता येत नाही. तिच्यावर उपाय एकच, वही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हातात दोन फासे द्यावेत. होय, मी मास्तर असून सांगतो आहे! दहा-वीस रुपयांत मिळतात. सहावी-सातवीच्या वर्गात एक तास द्यावा. प्रत्येकाने वीस वेळा टाकावे, पन्नास मुलांची हजार दाने फळ्यावर मांडावीत. आधी विचारावे, कोणाला वाटते की आपला हात चांगला आहे? दहा हात वर होतील. मग त्या दहांची दाने वेगळी मोजावीत. त्यानंतर झेंडीमुंडीचा हिशेब सगळ्यांनी मिळून करावा आणि तो चौदा रुपयांचा आकडा फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. उपदेश करू नये. मुले घरी जाऊन बापाला सांगतील.

मुलांच्या हातात फासे देणे म्हणजे वाईट सवय लावणे, असे काही पालक म्हणतील. त्यांना मी एवढेच सांगीन की फासे आमच्या घरात होतेच, घोंगडीवर, कंदिलाच्या उजेडात. नव्हती ती वही.

नातवाचे म्हणाल तर तो पुढच्या सुट्टीत मित्रांबरोबर लास वेगासला जाणार आहे. जाऊ नको असे मी म्हटले नाही. सव्वीस वर्षांचा कमावता माणूस आहे, आणि 'जाऊ नको' हे दादालाही सगळ्यांनी सांगितले होते. मी त्याला दादाची सगळी गोष्ट सांगितली, त्या चार एकरांसकट. आमच्या घरात ती कोणी मोठ्याने सांगत नसे. तो बराच वेळ गप्प होता.

मग मी म्हटले, हरायची रक्कम निघतानाच वेगळ्या पाकिटात ठेव, ती संपली की ऊठ. आणि तिथे टाकलेले प्रत्येक दान लिहून आण, मला हिशेब पाहायचा आहे.

वही नेतो म्हणाला.